खेळून आलं की टाच दुखते: ८ ते १४ वयाच्या मुलांसाठी काय करायचं, कोणत्या क्रमाने

पाचवी ते आठवीतलं, रोज मैदानावर असणारं मूल. सरावाहून येतं आणि टाच न टेकवता चवड्यांवर चालत मोरीकडे जातं. विचारलं तर म्हणतं, "काही नाही, थोडीशी टाच." सकाळी शाळेला जाताना चाल बरी असते, संध्याकाळी पुन्हा तेच. सूज नाही, लाली नाही, कुठे पडल्याचंही आठवत नाही.

घरातलं निदान ठरलेलं असतं: टाचेचं हाड वाढलंय. आजीच्या टाचेबाबत ते कदाचित बरोबर असेल. मुलाच्या बाबतीत गंमत अशी की हाड खरोखरच वाढतंय, पण ते त्याचं कामच आहे. दुखतं ते वाढ चालू असलेल्या जागेवर रोज पडणारी ओढ आणि आपट यांमुळे. या वयात टाच दुखण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. मैदानावरचा भार, पायातले बूट आणि पोटरी या तीन गोष्टी हाताळल्या की ते बहुतेक वेळा आटोक्यात येतं. औषधाचा वाटा फार थोडा.

टाचेत नेमकं काय होतं

मुलांच्या टाचेचं हाड एकसंध नसतं. मुख्य हाडाच्या मागे चंद्रकोरीसारखा एक वेगळा तुकडा असतो. मुलींमध्ये तो साधारण पाचव्या-सहाव्या वर्षापासून आणि मुलांमध्ये सातव्या-आठव्यापासून हाडासारखा घट्ट होऊ लागतो. हा तुकडा आणि मुख्य हाड यांच्यामध्ये कूर्चेचा पातळ थर असतो, तीच ग्रोथ प्लेट. मुलींमध्ये तेरा-चौदा आणि मुलांमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या सुमारास दोन्ही भाग जुळून एक होतात. तोपर्यंत हा जोड टाचेतला सगळ्यात कच्चा दुवा असतो.

याच तुकड्याला वरून पोटरीची कंडरा जोडलेली असते, म्हणजे घोट्यामागे चिमटीत धरता येते ती जाड दोरी. खालून तळव्याचा चिवट पडदा जोडलेला असतो. धावताना, उडी मारताना एक वर ओढतो, दुसरा पुढे ओढतो आणि जमीन खालून आपटते. त्यात उंची झपाट्याने वाढत असेल तर हाड आधी लांबतं आणि पोटरीचे स्नायू मागून येतात, म्हणून दोरी काही महिने ताणलेलीच राहते.

बोस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ जेम्स सेव्हर यांनी १९१२ साली याचं वर्णन केलं, त्यामुळे डॉक्टरांच्या कागदावर 'सेव्हर्स डिसीज' असं लिहिलेलं दिसतं. कधी 'कॅल्केनियल अपोफायसायटिस' असतं. शब्द वाचून घाबरू नका. नावात रोग असला तरी हा जंतुसंसर्ग नाही, संधिवात नाही, आणि ग्रोथ प्लेट बंद झाल्यावर तो राहत नाही.

पायरी १: घरच्या घरी तपासा

मुलाला पालथं झोपवा, पावलं पलंगाच्या कडेबाहेर येऊ द्या. टाचेची आतली आणि बाहेरची बाजू अंगठा आणि बोटांमध्ये धरून हळूहळू दाबा. बाजारात लिंबू चाचपून बघतो, तेवढ्या जोराने सुरुवात करा आणि मग थोडा वाढवा. न दुखणाऱ्या टाचेवर आधी करून दाखवा म्हणजे मूल पाय आखडत नाही. दोन्ही बाजूंनी दाबल्यावर टाचेच्या मागच्या-खालच्या भागात नेमकी कळ आली, तर या दुखण्याची शक्यता जास्त.

मग जागा बोटाने दाखवायला सांगा. कळ टाचेच्या मागच्या कडेला किंवा तिच्या थोडी खाली हवी. घोट्यामागे चार बोटं वर दोरीवर दुखत असेल, तळव्याच्या मधोमध दुखत असेल किंवा घोट्याच्या बाजूला दुखत असेल तर प्रकरण वेगळं आहे. शेवटी एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगा. दुखऱ्या बाजूला ती कमी उचलली जाते किंवा मूल चटकन भिंत धरतं. निम्म्याहून जास्त मुलांत दोन्ही टाचा दुखतात, एक जरा जास्त. मुलं सांगतात फक्त जास्त दुखणारीच, म्हणून दोन्ही तपासा.

आणि तळवा उजेडात बघा. अनवाणी खेळणाऱ्या मुलाच्या टाचेत बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक, काचेचा कण किंवा कुरूप निघालं, तर पुढचं सगळं वाचण्याची गरज उरत नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर घरचे प्रयोग नकोत:

- रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा काही न करता बसल्या जागीही दुखणं
- ताप, टाचेवर सूज, लाली, गरमपणा
- उडी मारताना किंवा उंचावरून पडून एकदम सुरू झालेलं दुखणं, पाय टेकवताच न येणं
- सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा, किंवा सोबत गुडघा, कंबर, दुसरे सांधेही दुखणं
- मुंग्या, बधिरपणा, पाऊल लुळं वाटणं
- वजन घटणं, सतत थकवा, चेहरा फिका पडणं
- पाऊल सपाट आणि ताठ असणं, घोटा वारंवार मुरगळणं

यामागे हाडाचा जंतुसंसर्ग, बारीक फ्रॅक्चर, मुलांचा संधिवात, पावलातली हाडं जन्मतः जोडलेली असणं, क्वचित हाडातली गाठ किंवा रक्ताचा आजार असू शकतो. यातलं काही नसेल, तरी तीन-चार आठवडे नीट काळजी घेऊनही फरक पडला नाही तर हाडांच्या डॉक्टरांना किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना रोजचे बूट सोबत घ्या. बुटांचे तळ बरंच काही सांगतात.

एक्स-रेबद्दल एक सूचना. नेहमीच्या चित्रात तो लागतच नाही. दुसरं काही नाही ना, हे बघण्यासाठी काढतात. त्यात टाचेमागचा तो तुकडा जास्त पांढरा आणि दोन-तीन भागांत तुटल्यासारखा दिसतो. टाच अजिबात न दुखणाऱ्या मुलांच्या एक्स-रेतही तो तसाच दिसतो. "हाड फुटलंय" असा अर्थ स्वतःच काढून मुलाला महिनाभर अंथरुणात ठेवू नका.

पायरी २: भाराची बेरीज करा

सगळ्यात जास्त उपयोगाची आणि सगळ्यात कमी केली जाणारी गोष्ट हीच. पालकांना संध्याकाळचा सराव माहीत असतो, प्रशिक्षकांना फक्त त्यांचा तास माहीत असतो, शाळेच्या सरांना पीटी. टाचेला सगळं मिळून सोसावं लागतं आणि ही बेरीज कोणीच केलेली नसते.

वही घ्या आणि एका आठवड्याचं लिहा. सातवीतल्या, फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचं साधारण असं निघतं: शाळेत पीटीचे ३ तास, प्रत्येकी ३५ मिनिटं, म्हणजे १०५ मिनिटं. क्लबचा सराव ४ दिवस, दीड तास, म्हणजे ३६० मिनिटं. रविवारी सामना, वॉर्म-अपसह ९० मिनिटं. मधल्या सुट्टीत पकडापकडी किंवा लंगडी, रोज १५ मिनिटं, सहा दिवसांची ९० मिनिटं. एकूण ६४५ मिनिटं, म्हणजे पावणेअकरा तास.

ठोकताळा असा आहे की शिस्तीतल्या खेळाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत आणि आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. बारा वर्षांचा हा मुलगा त्या मर्यादेत बसतो. तरी टाच दुखते, कारण एकूण तासांपेक्षा भारात एकदम झालेली वाढ जास्त महाग पडते. मे महिना गावाला गेला, धावणं जवळपास शून्य. जूनमध्ये शाळा आणि क्लब एकदम सुरू, आणि पुढे शालेय स्पर्धांसाठी सकाळचा जादा सराव. तीन आठवड्यांत शून्यावरून अकरा तास. सुट्टीत उंची वाढलेली असते, ती वेगळीच.

वहीत प्रत्येक सत्रापुढे दोन गोष्टी लिहा: खेळताना दुखणं दहापैकी किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली दहा पावलं कशी. त्यावरून ठरवा:

- खेळताना ३ पर्यंत, आणि सकाळी चाल नेहमीसारखी: चालू द्या, पण वाढवू नका.
- ४ किंवा ५, किंवा सकाळी थोडं लंगडणं: पुढचा सराव निम्मा. उड्या आणि वेगाच्या धावा पूर्ण बंद, चेंडूचं किंवा हातांचं कौशल्य चालेल.
- ६ च्या पुढे, किंवा मैदानावर चाल बिघडली: तिथेच बाहेर. धावणं-उड्या ७ ते १४ दिवस बंद.

आकडा आणि चाल यांत मेळ नसेल तर चालीवर विश्वास ठेवा. संघनिवड जवळ आली की मुलं "दोन" म्हणतात, लंगडणं मात्र लपवता येत नाही.

कमी काय करायचं, यातही क्रम आहे. आधी उड्या काढा. वॉर्म-अपला दोरीच्या २०० उड्या ही अनेक मैदानांवरची आवडती रीत आहे. त्यात टाचेमागच्या तुकड्याला २०० हिसके बसतात आणि खेळाचं कौशल्य काही वाढत नाही. मग कडक जमिनीवरच्या वेगाच्या धावा, चढावरच्या धावा, पायऱ्या चढण्याचे सेट. सराव पूर्ण बंद करण्याची वेळ थोड्याच मुलांवर येते. बंद काळात पोहणं उत्तम, फक्त भिंतीला पायाने जोरात ढकलणं टाळा. सायकल चालेल, पण पॅडल चवड्याऐवजी पावलाच्या मध्यावर ठेवा, म्हणजे पोटरी कमी ओढते.

पायरी ३: बूट आणि टाचेखालची उंची

टाच थोडी वर उचलली की पोटरीची दोरी सैल होते. एवढं साधं तत्त्व आहे. बुटात टाचेखाली ६ ते १२ मिलिमीटर जाडीची गादी ठेवायची. ८ ते १० ने सुरुवात करा. ती दाबल्यावर पूर्ण चपटी होणारी नको: मऊ स्पंज दोन दिवसांत कागद होतो. घट्ट रबर, दाट फोम किंवा जेलचा टाचेचा कप चालतो. औषधांच्या दुकानात टाचेच्या जेलच्या गाद्या मिळतात, पण मोठ्यांच्या मापाची गादी मुलाच्या बुटात सुरकुतते आणि पुढे सरकते. मुलांचं माप घ्या किंवा फोमची गादी कात्रीने टाचेच्या आकारात कापून खाली दुहेरी चिकटपट्टी लावा.

तीन चुका नेहमी होतात. एक, गादी फक्त दुखऱ्या पायात: मग एक पाय लांब होतो आणि आठवड्यात कंबर किंवा गुडघा बोलायला लागतो. दोन्ही बुटांत ठेवा. दोन, गादी फक्त खेळाच्या बुटात: शाळेचे बूट मूल सहा-सात तास घालतं, त्यातही हवी. तीन, गादीमुळे टाच वर येऊन बुटातून निसटते आणि घासून फोड येतो. बूट उथळ असेल तर आतला मूळ सोल काढून मग गादी ठेवा.

बूट निवडताना मागचा कप अंगठ्याने दाबा, तो सहज कोसळायला नको. बूट बोटांच्या रेषेत वाकावा, मधून दुमडला जाऊ नये. उभं राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या नखाएवढी, साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. पातळ रबरी तळाचे पांढरे कॅनव्हास बूट पीटीच्या गणवेशात असतात, पण सिमेंटच्या अंगणात उड्या मारायला ते जवळपास अनवाणीच. शाळेकडे महिनाभर स्पोर्ट्स शूजची परवानगी मागा.

फुटबॉलच्या मुलांसाठी वेगळं सांगायला हवं. कोल्हापुरात असो की गोव्यात, पहिले स्टडचे बूट मिळणं हा मोठा दिवस असतो आणि पोर ते पायातून काढत नाही. हे बूट मऊ, ओल्या गवतासाठी बनवलेले. कडक मुरुमावर स्टड जमिनीत रुतत नाहीत, टाचेखाली मोजक्या टोकांवर सगळं वजन येतं आणि टाचेचा भाग सपाट असल्याने पोटरी ताणलेलीच राहते. कडक मैदानावर आणि कृत्रिम टर्फवर पुष्कळ बारीक रबरी खुंट्यांचे टर्फ शूज घाला. स्टड सामन्यापुरते, मैदान मऊ असेल तरच.

खो-खो, मल्लखांब, जिम्नॅस्टिक्सच्या मुलांना बूटच नसतात. खो-खोत पाटीवर बसलेला खेळाडू खो मिळताच चवड्यावर सगळा जोर देऊन उठतो, म्हणजे पोटरीची ओढ प्रत्येक खोला ठरलेली. टाचेवर मोज्यासारखा चढणारा, आत जेल असलेला पट्टा मिळतो, तो सरावात आधी वापरून बघा, कारण मातीत काहींचा पाय घसरतो. मल्लखांबावरून उतरताना आणि जिम्नॅस्टिक्समध्ये उडीचा शेवट काही आठवडे जाड गादीवरच, आणि मोजून.

घरात फरशीवर अनवाणी फिरणं दुखणं शमेपर्यंत बंद. टाचेकडे जरा उंच असलेली घरातली वेगळी चप्पल ठेवा. सपाट रबरी स्लिपरचा उपयोग नाही.

पायरी ४: थंड, गरम आणि गोळ्या

खेळून आल्यावर १० ते १५ मिनिटं बर्फ, ओल्या पातळ कापडातून. थेट त्वचेवर ठेवला तर चट्टा उठतो. सोपी युक्ती अशी: कागदी कपात पाणी गोठवा, वरची कड फाडा आणि टाचेच्या मागे गोल-गोल फिरवा, एका जागी न थांबता ५ ते ७ मिनिटं पुरतात. बर्फाने दुखणं बोथट होतं, भार कमी होत नाही. बर्फ लावून लगेच पुन्हा मैदानावर पाठवणं म्हणूनच चूक.

रुईच्या पानावर गरम विटेचा शेक हा टाचदुखीवरचा घरोघरचा उपाय. मुलांच्या टाचेला तो नको. वीट किती तापली याचा अंदाज चुकला की टाचेची कातडी भाजते, आणि रुईचा चीक हाताला लागून डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. पोटरी आखडली असेल तर कोमट पाण्याची पिशवी पोटरीवर ठेवा, टाचेवर नाही. तेल लावून मालिश करायची तीही पोटरीलाच, हलक्या हाताने. टाच अंगठ्याने रगडून "गाठ मोडायचा" प्रयत्न केला की ज्या जागेला आराम हवा तिथेच आणखी मार बसतो.

वेदनाशामक लागलंच तर मुलाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेलं, दोन-चार दिवसांपुरतं. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंगीची शंका असेल तर आयब्युप्रोफेन नको. सामन्याआधी गोळी देऊन खेळवणं सगळ्यात वाईट: दुखणं हीच मोजपट्टी आहे, ती झाकली तर किती खेळायचं हे कळणार कसं? या दुखण्यावर टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन देत नाहीत. कोणी सुचवलं तर दुसरं मत घ्या. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासणीत कमतरता दिसली तरच.

पायरी ५: पोटरी सैल करा, मग ताकद

आधी मोजा. मुलाला भिंतीसमोर उभं करा, मोठा अंगठा भिंतीपासून थोड्या अंतरावर. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. जमलं की पाय एक सेंटिमीटर मागे. टाच उचलली जाते तिथे थांबा आणि कंपासपेटीतली पट्टी लावून अंगठा ते भिंत अंतर वहीत लिहा. १० सेंटिमीटरच्या आसपास बऱ्याच मुलांना जमतं. पाच-सहावरच अडकत असेल, किंवा दोन पायांत २ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल, तर पोटरी किंवा घोटा आखडलेला आहे. दर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा.

ताण असा द्यायचा: दोन्ही हात भिंतीवर, दुखरा पाय मागे, बोटं सरळ पुढे, टाच जमिनीवर. मागचा गुडघा ताठ ठेवून कंबर पुढे न्या, ३० सेकंद, तीन वेळा. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीन वेळा, कारण पोटरीतला खालचा स्नायू तेव्हाच ताणला जातो. दिवसातून दोनदा. ओढ पोटरीच्या मांसल भागात जाणवायला हवी. टाचेत कळ येत असेल तर पाय भिंतीजवळ घ्या किंवा बूट घालून करा. मागची बोटं बाहेर वळवून करणं ही हमखास चूक. त्यात पोटरीऐवजी तळवा ढासळतो.

पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडण्याचा व्यायाम मोबाइलवर सगळीकडे दिसतो. तो मोठ्यांच्या कंडरेसाठी चांगला आहे. मुलाची टाच ताजी दुखत असताना तो त्याच तुकड्याला आणखी ओढतो. पहिले तीन-चार आठवडे त्याला हात लावू नका.

ताकदीचा क्रम असा. सुरुवातीला दोन्ही पायांवर, सपाट जमिनीवर, टाचा दोन-तीन सेंटिमीटर उचलून ३० सेकंद धरून ठेवायच्या. चार वेळा, मध्ये एक मिनिट विश्रांती, रोज. दुखणं ३ च्या आत राहिलं की एक-दोन आठवड्यांनी दोन्ही पायांवर टाचा वर-खाली, १२ चे तीन सेट, दोन सेकंदांत वर आणि तीन सेकंदांत खाली, एक दिवसाआड. ते सोपं वाटलं की एका पायावर ८ ने सुरू करून १२ पर्यंत. सोबत दात घासताना एका पायावर तोल, ३० सेकंद प्रत्येकी. वेगळा वेळ काढावा लागत नाही म्हणून हा व्यायाम टिकतो.

नेमका कोणता उपाय श्रेष्ठ, यावर पैसे आणि झोप घालवू नका. नेदरलँड्समध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांचे तीन गट केले होते: एकाला नुसती वाट पाहायला सांगितली, दुसऱ्याला टाचेखाली उंची दिली, तिसऱ्याला फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम. तीन महिन्यांत तिन्ही गटांचं दुखणं ठळकपणे कमी झालं. म्हणून महागड्या, खास बनवून घेतलेल्या इनसोलची घाई आम्ही तरी सुचवत नाही.

पायरी ६: परत मैदानावर

चार गोष्टी जमल्या की सुरुवात करा: अर्धा तास न लंगडता चालणं, एका पायावर १० वेळा टाच उचलणं, त्याच पायावर जागच्या जागी १० उड्या २ पेक्षा जास्त न दुखता, आणि टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ जवळपास नाही.

पहिला आठवडा: एक दिवसाआड, गवतावर किंवा मऊ मातीवर, एक मिनिट हळू धावणं आणि एक मिनिट चालणं, आठ वेळा. दुसरा: तीन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, पाच वेळा, सोबत चेंडूचा सराव. तिसरा: संघाबरोबर अर्धा सराव, वेग पूर्ण ताकदीच्या साधारण सत्तर टक्के, उड्या मोजून वीसपर्यंत. चौथा: पूर्ण सराव, सामना निम्मा. पाचव्यापासून पूर्ण. मध्ये दुखणं ४ वर गेलं किंवा सकाळी लंगडणं दिसलं तर एक टप्पा मागे या, शून्यावर नको. प्रत्येक दुखण्याला "पुन्हा पहिल्यापासून" केलं की मुलं पुढच्या वेळी सांगतच नाहीत.

बहुतेक मुलांना दोन ते आठ आठवड्यांत चांगला फरक पडतो. लंगडणं अजिबात कमी होत नसेल तर डॉक्टर काही आठवडे प्लॅस्टर किंवा घोट्यापर्यंतचा आधाराचा बूट देतात, पण अशी वेळ क्वचित येते.

सरांना सांगायचं कसं, यावर बरंच अडतं. "त्याला बरं नाही" म्हटलं की एकतर पूर्ण सुट्टी मिळते किंवा "नखरे" म्हणून सोडून दिलं जातं. काय चालेल आणि काय नाही, हे लिहून द्या:

"नमस्कार सर. आमच्या मुलीच्या दोन्ही टाचांना वाढीच्या जागी ताण आला आहे. पुढचे दोन आठवडे उड्या, दोरी आणि वेगाच्या धावा नकोत. झेल, फेक, तोल आणि हातांचे व्यायाम चालतील. लंगडताना दिसली तर कृपया बसवा आणि आम्हाला कळवा. टाचेला गादी असल्यामुळे ती रोज स्पोर्ट्स शूज घालून येईल."

दुखणं थांबलं तरी बुटातली गादी आणखी सहा ते आठ आठवडे राहू द्या. नंतर एकदम काढण्याऐवजी आधी शाळेच्या बुटातली, आणि दोन आठवड्यांनी खेळाच्या बुटातली काढा. जेलचा कप चपटा झाला, फाटला किंवा बुटात फिरू लागला की बदला.

ग्रोथ प्लेट बंद होईपर्यंत हे दुखणं अधूनमधून परत येऊ शकतं, विशेषतः उंची झपाट्याने वाढते तेव्हा. दाराच्या चौकटीवर महिन्यातून एकदा, ठरावीक तारखेला, पेन्सिलीने उंचीची खूण करा. पावलं उंचीच्या आधी वाढतात, म्हणून नवे बूट दोन-तीन महिन्यांतच घट्ट झाले तर तीच पहिली सूचना समजा: गादी परत घाला, पोटरीचा ताण पुन्हा दिवसातून दोनदा करा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत सरावाचे तास वाढवू नका.